मनाच्या गोळ्या चालू असताना दातांचे उपचार: घरच्यांसाठी पायरीपायरीने

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित चालू आहेत, एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करतो, मॅच असली की टीव्हीसमोरून हलत नाही. दातांची मात्र पार वाट लागली होती. पेशंटच्या घरच्यांच्या आमच्या आधारगटात विषय काढला तर घरोघरी मातीच्या चुली. मानसोपचारतज्ज्ञ कधी तोंड उघडायला सांगत नाहीत, दातांचे डॉक्टर गोळ्यांचं विचारत नाहीत, आणि मधल्या मध्ये दाढ सडते. या दोघांची गाठ घालून द्यायचं काम घरच्यांवरच येऊन पडतं. ते कसं करायचं, ते इथे लिहिलंय.

स्किझोफ्रेनिया असो, बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य), नैराश्य, ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा) किंवा नुसती दवाखान्याची जबर भीती, पायऱ्या साधारण याच. स्वतःसाठी वाचत असाल तर ‘पेशंट’ लिहिलंय तिथे स्वतःला धरा. एक आधीच सांगते: कुठली गोळी द्यायची, कुठली नाही, हे डॉक्टरच ठरवणार. त्यांना काय सांगायचं आणि काय विचारायचं, एवढंच आपलं काम.

१. औषधांचा एक कागद तयार करा

फाइल नव्हे, एकच कागद. आमच्याकडे फाइल चार इंच जाड आहे. दातांचे डॉक्टर ती उघडतात, दोन पानं चाळतात आणि मिटून परत देतात. कागद मात्र वाचला जातो.

त्यावर औषधाचं मूळ नाव, ब्रँडचं नाव, किती मिलिग्रॅम आणि कोणत्या वेळी, हे लिहा. दोन्ही नावं लिहायचं कारण असं की एकच औषध केमिस्टकडे दहा नावांनी मिळतं आणि समोरच्या डॉक्टरांना तुमचा ब्रँड माहीत असेलच असं नाही. पाकिटावर बारीक अक्षरात मूळ नाव असतं, ते उतरवून घ्या. महिन्याला एखादं इंजेक्शन घेत असाल तर तेही लिहा, कारण रोजच्या गोळ्यांत ते नसतं आणि हमखास राहून जातं. शेवटचा डोस कधी बदलला, मधुमेह, रक्तदाब, थायरॉइडच्या गोळ्या, कशाची ॲलर्जी, तंबाखू-मिश्री-सिगारेट, आणि मानसोपचारतज्ज्ञांचं नाव व दवाखान्याचा नंबर.

झोपेची गोळी, ‘हाताची थरथर थांबवायची गोळी’, पोट साफ व्हायचं चूर्ण, हे सगळं त्यात धरा. थरथरीची ती गोळी म्हणजे बहुतेक वेळा ट्रायहेक्सिफेनिडिल असतं, आणि तोंड कोरडं पाडण्यात तिचा मोठा हात असतो.

२. तोंडात काय चाललंय ते घरीच बघून ठेवा

मनाच्या आजारात दात बिघडतात त्याला दोन वाटा आहेत. एक आजाराची, दुसरी औषधांची. नैराश्यात माणूस अंथरुणातून उठत नाही, तर ब्रश कुठून करणार? स्किझोफ्रेनियात महिनोन्महिने दात घासायचं सुचतच नाही, आणि त्याला आळस म्हणून काही उपयोग नाही. ओसीडीत उलट: दिवसातून आठ वेळा कडक ब्रशने घासून घासून हिरड्या मागे सरकतात आणि मुळाशी खाचा पडतात. खाऊन मुद्दाम उलटी करण्याचा आजार असेल तर वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू पोटातल्या आम्लाने झिजते. बाहेरून दात पांढरे दिसतात, जीभ फिरवली की आत गुळगुळीत, पातळ लागतात. मुलींच्या बाबतीत हे घरच्यांच्या आधी कितीदा तरी दातांच्या डॉक्टरांच्याच लक्षात येतं.

औषधांची मुख्य तक्रार म्हणजे कोरडं तोंड. ॲमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या नैराश्याच्या गोळ्या, ओलांझापिन, क्वेटियापिन, वर सांगितलेली थरथरीची गोळी, सगळ्यांत कमीअधिक. पेशंट ‘तोंड कोरडं पडतं’ असं म्हणेलच असं नाही. तुम्ही बघा: चपाती पाण्याच्या घोटाबरोबरच गिळतो का, खारी नुसती खाववत नाही म्हणून चहात बुडवतो का, रात्री दोनदा पाण्याला उठतो का, बोलताना ओठ दाताला चिकटतात का. लाळ ही दातांची राखण करते. ती आटली की कीड हिरडीच्या कडेला, दाताच्या मानेशी लागते आणि भराभर पसरते. स्किझोफ्रेनियाच्या क्लोझापिन या औषधाचं उलटं असतं, रात्री लाळ गळून उशी भिजते. पण उशी ओली म्हणजे दात सुरक्षित, असं धरू नका.

आणखी तीन गोष्टी बघा. सकाळी जबडा अवघडलेला किंवा कानशिलं दुखत असतील तर रात्री दात खाण्याची सवय असू शकते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन अशा नैराश्याच्या गोळ्यांनी ती काहींना लागते. तोंड सतत चघळल्यासारखं हलतं, जीभ आतबाहेर होते, तर ते मनाच्या डॉक्टरांना ताबडतोब सांगा. वर्षानुवर्षं घेतलेल्या औषधांचा तो परिणाम असू शकतो, आणि अशा माणसाला कवळी बसत नाही, सारखी निसटते. तिसरी गोष्ट म्हणजे वाढलेली रक्तशर्करा. ओलांझापिन आणि क्लोझापिनने वजन आणि साखर दोन्ही वाढू शकतात, आणि साखर वाढली की हिरड्या सुजतात, जखम लवकर भरत नाही.

इथे एक सापळा आहे आणि त्यात घरचे आणि डॉक्टर दोघंही पडतात. आमच्या गटातल्या एका काकांच्या मुलाने महिनाभर धोशा लावला होता की त्याच्या दाढेत कोणीतरी मशीन बसवलंय आणि ते रात्री ठोकतं. सगळ्यांना वाटलं, भास वाढले, डोस वाढवा. एक्स-रे काढला तर मुळाशी पू. मशीन नव्हतं, ठोका खरा होता. स्किझोफ्रेनियात दुखणं जाणवण्याची आणि सांगण्याची तऱ्हाच वेगळी असते. कधी सुजेपर्यंत माणूस हूं की चूं करत नाही, कधी वेगळ्याच शब्दांत सांगतो. म्हणून दातांबद्दलची तक्रार कितीही चमत्कारिक वाटली तरी एकदा तोंड उघडून बघायचं. एकाच बाजूने चावणं, भाकरी टाळून नुसता भात मागणं, गालाला हात लावून बसणं, विनाकारण चिडचिड, या खुणा ध्यानात ठेवा.

उलट प्रकारही असतो. जीभ जळते, दात दुखतात, तपासणीत काही सापडत नाही, आणि माणूस एकामागून एक दाढा काढून घेतो. दोन डॉक्टरांनी ‘दात ठीक आहे’ सांगितलं असेल तर तिसऱ्याकडे दाढ काढायला नेण्याआधी मनाच्या डॉक्टरांकडे जा. ते दुखणं खोटं नसतं, फक्त दाढ काढून ते जात नाही.

३. मानसोपचारतज्ज्ञांना आधी कळवा

‘भूल द्यायचीय ना, मग आज गोळी नको’, हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय. असं करू नका. स्वतःच्या मनाने एक दिवससुद्धा गोळी बंद करायची नाही. दाढेपुरत्या भुलीसाठी मनाच्या गोळ्या सहसा थांबवाव्या लागत नाहीत. काही अपवाद असला तर तो डॉक्टर सांगतील.

पुढच्या भेटीत, किंवा ठणका असेल तर फोनवर, चार प्रश्न विचारा. आत्ता तब्येत उपचार झेपण्याइतकी स्थिर आहे का? दाढ काढायच्या आधी कुठली रक्त तपासणी हवी? वेदनाशामक कुठलं चालेल? फार भीती असेल तर त्या दिवसापुरती काही गोळी द्याल का? आणि दोन ओळींची चिठ्ठी मागा: निदान, औषधं, काय टाळायचं. बहुतेक डॉक्टर लगेच देतात. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, एवढंच.

तब्येत उसळलेली असेल, भास जोरात असतील किंवा उन्माद असेल, तर सफाई, कॅप, कवळी वगैरे पुढे ढकला. पण गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वासाला त्रास, यातलं काही असेल तर थांबायचं नाही. मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्यायचं, मन स्थिर असो वा नसो. क्लोझापिन घेणाऱ्याला ताप, घसादुखी आणि तोंडात फोड एकत्र आले तर त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायला हव्यात. त्याला ‘तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्स घे’ म्हणून सोडू नका.

४. दवाखाना ठरवा

पुण्यात दोन मार्ग आहेत: घराजवळचा खासगी दवाखाना किंवा दंत महाविद्यालय. धनकवडीला भारती विद्यापीठ, वडगाव बुद्रुकला सिंहगड, आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील. पिंपरीला जायचं तर मेट्रोचं संत तुकाराम नगर स्टेशन जवळ पडतं. महाविद्यालयात पैसे कमी लागतात आणि अक्कलदाढेपासून कवळीपर्यंत सगळे विभाग एका छताखाली. पण खिडक्या अनेक, रांगा लांब, दर वेळी नवा विद्यार्थी, आणि एकेका खुर्चीला बराच वेळ. गर्दीने बिथरणाऱ्या माणसाला हे जड जातं. ससूनला मानसोपचार आणि दातांचा विभाग एकाच आवारात आहेत. तिथे औषध चालू असेल तर आधी तिथेच विचारा.

माझं मत विचाराल तर पहिली भेट, सफाई, सिमेंट भरणं घराजवळ, एकाच डॉक्टरकडे. ओळखीचा चेहरा अर्धं काम करतो. अवघड दाढ काढायची वेळ आली, किंवा माणूस खुर्चीत बसूच शकत नसेल, तर महाविद्यालय. तिथे लहान मुलांच्या दातांच्या विभागात चौकशी करा, पेशंट मोठा असला तरी. घाबरलेल्या माणसाला हळूहळू तयार करण्याचं प्रशिक्षण त्या डॉक्टरांना असतं, आणि गुंगी देऊन उपचार कुठे होतात हेही त्यांना ठाऊक असतं.

फोन करताना रिसेप्शनला निदान सांगायची गरज नाही. एवढंच म्हणा: ‘पेशंटला काही कायमची औषधं चालू आहेत, अपॉइंटमेंटच्या आधी डॉक्टरांशी पाच मिनिटं बोलायचंय.’ यावर समोरून कसं उत्तर येतं त्यावरून दवाखाना कळतो. ‘आणा, बघू’ म्हणून फोन ठेवला तर दुसरा नंबर फिरवा.

वेळ विचार करून घ्या. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सकाळी उशिरापर्यंत राहत असेल तर नऊची वेळ घेऊ नका. दुपारी एक ते चार पुण्यात काय चालू असतं हे मी सांगायला नको. पण त्याचा एक फायदा आहे: संध्याकाळी दवाखाना उघडल्यावरची पहिली वेळ मागितली तर बाहेर गर्दी नसते आणि डॉक्टर ताजे असतात. गणपतीचे दहा दिवस टाळा. शहराच्या मध्यवस्तीत रस्ते बंद, ढोल-ताशांचा दणदणाट, आणि आधीच आवाजाने त्रासणारा माणूस. नको ते.

५. दातांच्या डॉक्टरांना काय सांगायचं

सांगायचंच. पण आधी पेशंटला विचारून. ‘तुझ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना सांगितलं तर चालेल का?’ एवढं विचारलं की निम्मा विरोध मावळतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आजाराची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा पेशंटला हक्क आहे. म्हणून बोलायचं ते आतल्या खोलीत, दार लावून. बाहेरच्या बाकड्यावर, शेजारी वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांच्या कानावर घालत नाही.

सांगताना आजाराच्या नावापाशी अडकू नका. पुष्कळ डॉक्टर ‘स्किझोफ्रेनिया’ ऐकून एक पाऊल मागे सरकतात. कागद पुढे करा आणि या औषधांबरोबर काय चालत नाही, त्यावर या. खाली जे देतेय ते तुम्ही ठरवायचं म्हणून नाही, विचारायचं म्हणून.

लिथियम (बायपोलरमध्ये देतात ते): सगळ्यांत जपायचं ते इथे. दाढदुखीला आपल्याकडे सर्रास दिली जाणारी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक ही औषधं रक्तातलं लिथियम वाढवू शकतात. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन असतं, झिरोडॉलमध्ये असिक्लोफेनॅक. घरातल्या डब्यातून ‘तोपर्यंत एक घे’ म्हणून देतो ती हीच. पॅरासिटामॉल त्या मानाने निर्धोक, पण तेही विचारून. दाढ काढल्यावर बऱ्याचदा अँटिबायोटिकबरोबर मेट्रोनिडाझोल लिहून देतात, त्यानेही लिथियम वाढू शकतं. शिवाय तोंड दुखतंय म्हणून माणूस दिवसभर पाणीच प्यायला नाही, तरी पातळी चढते. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, बोलणं जड होणं दिसलं तर दाढ विसरा, तडक हॉस्पिटल गाठा.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन: यांच्याबरोबर वरचीच वेदनाशामकं घेतली तर रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या (अल्ट्रासेट त्यातलीच) शक्यतो नकोत. यांच्यासोबत त्या घेतल्याने घाम, थरथर, बेचैनी, क्वचित फिटपर्यंत जाऊ शकतं.

कार्बामाझेपिन: क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकनी ते रक्तात वाढतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असणाऱ्यांना कधी कधी ही दिली जातात, म्हणून मुद्दाम विचारा.

क्लोझापिन: सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकने रक्तातली पातळी चढते.

व्हॅल्प्रोएट: प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी होऊ शकतात. दाढ काढण्याआधी मोजून घ्यायच्या का, विचारा.

ॲमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन: भुलीच्या इंजेक्शनात बहुधा ॲड्रिनालिन मिसळलेलं असतं. या गोळ्या चालू असतील तर डॉक्टर ते बेताने वापरतात, पण त्यासाठी त्यांना माहीत हवं.

क्लोनाझेपाम, लोराझेपाम: गुंगी आणणारं आणखी काही दिलं तर दोन्ही मिळून जास्त झोप येते. पेशंटला एकट्याला पाठवू नका, आणि परतताना ॲक्टिव्हा त्याच्या हातात द्यायची नाही.

एक विनंती डॉक्टरांना करायला लाजू नका: ‘त्याच्याशी बोला.’ माझा भाऊ खुर्चीत बसलेला असतो आणि डॉक्टर माझ्याकडे बघून विचारतात, ‘यांना थंड लागतं का?’ तो उत्तर देऊ शकतो. मी आता सरळ खिडकीबाहेर बघत बसते. दोन मिनिटांत डॉक्टर त्याच्याकडे वळतात. मनाचा आजार आहे म्हणून माणसाला स्वतःचा निर्णय घेता येत नाही, असं कायदाही मानत नाही. संमतीपत्रावर सही त्याची, वाचून, समजून.

६. भेटीचा दिवस

पिशवीत ठेवायचं:
– औषधांचा कागद, त्याची एक झेरॉक्स (ती दवाखान्यात द्यायची)
– मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी
– असतील ते रक्ताचे रिपोर्ट: साखर, रक्तपेशी, लिथियमची पातळी
– दातांचे जुने एक्स-रे
– आधार कार्ड. महाविद्यालयात केस पेपरला लागू शकतं
– त्या वेळेच्या गोळ्या, कारण उशीर होतोच
– पाण्याची बाटली, रुमाल, कानात घालायचे बोळे किंवा हेडफोन

पोटभर नाश्ता करून आणि नेहमीच्या गोळ्या घेऊन निघा. पहिली भेट फक्त बघण्याची, आज काही करायचं नाही, असं डॉक्टर आणि पेशंट दोघांशी आधीच ठरवा. आणि ते पाळा. ‘आलोच आहोत तर काढूनच टाकू’ झालं की पुढच्या वेळी माणूस जिन्यावरूनच परत फिरतो.

आत गेल्यावर कशाने माणूस बिचकेल याचा अंदाज घ्या, तो प्रत्येकाचा वेगळा असतो. आमच्याकडे अडलं ते कॅमेऱ्यापाशी. हल्ली दवाखान्यात पेनाएवढा कॅमेरा तोंडात घालून समोरच्या स्क्रीनवर दात दाखवतात. बाकीच्यांना ते आवडतं. ज्याला वर्षानुवर्षं आपलं कोणीतरी चित्रीकरण करतंय असं वाटत आलंय, त्याला नाही आवडणार. डॉक्टरांनी स्क्रीन बंद केली, छोटा आरसा हातात दिला, काम झालं. संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेचं यंत्र डोक्याभोवती फिरतं, तेव्हा हनुवटी टेकवून स्थिर उभं राहावं लागतं. घरीच सांगून ठेवा की ते फिरणार आहे, शिवणार नाही. ड्रिलचा आवाज, तोंडातलं पाणी ओढणारी नळी, डोळ्यावरचा दिवा, हे सगळं आधी दाखवून मग वापरा, असं डॉक्टरांना सांगा. डावा हात वर केला की थांबायचं, हा करार करा. एकदा हात वर केल्यावर डॉक्टर खरोखर थांबले, की मग तो हात फारसा वर येत नाही.

काम झालं की खुर्चीतून झटकन उठू देऊ नका. क्वेटियापिन, क्लोझापिन, ॲमिट्रिप्टिलिन अशा औषधांनी आडव्याचं उभं होताना रक्तदाब पडतो आणि चक्कर येते. पाठ सरळ करून मिनिट-दोन मिनिटं बसवा, मग उभं करा.

७. दाढ काढल्यावरचे दोन दिवस

कापसाचा किंवा गॉझचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा असतो. तो कधी काढायचा हे लिहून घ्या आणि तुम्ही स्वतः काढून टाका. भुलीने बधिर झालेला ओठ-गाल चावला जातो, रक्त निघालं तरी कळत नाही. बधिरपणा जाईपर्यंत खायला देऊ नका. चोवीस तास जोरात चूळ नाही, थुंकणं नाही, तंबाखू-मिश्री-सिगारेट नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या.

रात्रीच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. खरी गडबड इथेच होते: तोंड दुखतंय, जेवण नाही, म्हणून गोळ्या नाहीत, आणि दाढ बरी होईपर्यंत आजार वर. मऊ भात-तूप, ताक, गार खिचडी काहीही द्या, पण गोळी पोटात जाऊ द्या. गोळी कुटून द्यायच्या आधी विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. काही औषधं जिभेवर विरघळणाऱ्या रूपात मिळतात, ती दोन दिवसांपुरती मागता येतात.

सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक कमी माहीत असलेली गोष्ट. दाढेच्या निमित्ताने सिगारेट सुटली तर उत्तमच, पण क्लोझापिन किंवा ओलांझापिन चालू असेल तर सिगारेट एकदम बंद झाल्यावर त्यांची रक्तातली पातळी वाढते. मनाच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा, डोस कमी करावा लागू शकतो.

८. रोजचं

कोरड्या तोंडाला पाण्याचे छोटे घोट दिवसभर. तोंड ओलं राहावं म्हणून लोक श्रीखंडाची गोळी, लिमलेट, साखर लावलेली बडीशेप चघळत बसतात. लाळ नसलेल्या तोंडात साखर तासनतास, कीड लागायला आणखी काय हवं? त्याऐवजी साधी भाजलेली बडीशेप किंवा बिनसाखरेचं च्युइंगगम. चहा दिवसात सहा कप असेल तर आधी साखर कमी करा, कप नंतर. फार कोरडं पडत असेल तर केमिस्टकडे कृत्रिम लाळेचे स्प्रे-जेल मिळतात. दातांच्या डॉक्टरांना फ्लोराइडचा लेप लावायचा का विचारा. मनाच्या डॉक्टरांना थरथरीची गोळी अजून लागतेच का हेही विचारा. कधी ती वर्षानुवर्षं नुसती पुढे ओढली जात असते.

ब्रश दोन्ही वेळा व्हावा हे खरं, पण एकच जमणार असेल तर रात्रीचा. तो गोळ्यांना जोडून टाका: जेवण, गोळी, ब्रश, मग अंथरूण. फ्लोराइडची पेस्ट, मऊ ब्रश, आणि घासल्यावर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ नाही. लिथियमने हात थरथरत असेल तर जाड मुठीचा किंवा बॅटरीचा ब्रश सोपा जातो. मिश्रीने दात घासणं म्हणजे तंबाखूच, वर दाताची झीज फुकट. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, मऊ पडलेला दात खरवडला जातो. पेलाभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून खळखळून टाका, ब्रश तासाभराने. अल्कोहोल असलेला माउथवॉश कोरड्या तोंडाला नको.

अगदी वाईट दिवसांत ब्रश होतच नसेल तर ओल्या फडक्याने दात पुसले तरी चालतं. आरडाओरडा करून घासायला लावलेला ब्रश दुसऱ्या दिवशी पलंगाखाली सापडतो.

९. मोठे खर्च आणि न पलटणारे निर्णय

खर्चाचा अंदाज लेखी आणि टप्प्याटप्प्याने मागा: आधी दुखणं आणि पू, मग कीड, मग हिरड्या, कॅप-कवळी सगळ्यात शेवटी. दातांचे बाह्यरुग्ण उपचार आरोग्य विम्यात बहुधा बसत नाहीत, त्यामुळे पैसे खिशातूनच धरा. मनाचा आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो. प्रमाणपत्र काढलेलं असेल तर महाविद्यालयात काही सवलत आहे का, केस पेपरच्या खिडकीवरच विचारा.

बायपोलरच्या घरांनी एक खास लक्षात ठेवायचं. उन्मादात माणूस दवाखान्यात शिरतो आणि ‘सगळे दात पांढरेशुभ्र करा, इम्प्लांट घाला’ म्हणून हजारोंचा आगाऊ भरणा करून येतो. नैराश्यात तोच म्हणतो, ‘सगळे काढून टाका, कटकट नको.’ दोन्ही वेळी सही खरी असते, मनाची अवस्था तात्पुरती. तब्येत बरी असताना त्याच्याशीच बोलून दातांच्या डॉक्टरांकडे एक नियम लावून ठेवा: न दुखणाऱ्या दाताचं मोठं काम दोन आठवडे थांबवायचं आणि मग पुन्हा विचारायचं. आमच्या गटातल्या एका ताईंनी हे स्वतःच्याच फाइलवर स्वतःच्या हाताने लिहून सही केलीय. दवाखान्याने ते आनंदाने मानलं.

रात्री-अपरात्री पेशंट दुखण्यापेक्षा मनाने जास्त ढासळला आणि तुमचे डॉक्टर फोन उचलत नसतील तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. दाढेवर ते काही करू शकणार नाहीत. पण सकाळी दवाखाना उघडेपर्यंतची रात्र निघते. फोन लावताना औषधांचा कागद हातात धरा, गोळ्यांचं विचारलं तर लगेच सांगता येतं.